नववीतल्या मुलीला घरी येऊन जीवशास्त्र शिकवणारं कुणी हवंय, पण पारख कशी करायची?

सांजपाखरू

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लेक नववीत आहे. गणित तिचं तीच करते, भौतिकशास्त्रातही अडत नाही. जीवशास्त्राचं पुस्तक उघडलं की मात्र चेहरा पडतो. "त्यात समजण्यासारखं काही नसतंच, नुसतं पाठ करायचं," असं तिचं म्हणणं. सहामाहीत या एका विषयाने सगळी टक्केवारी खाली ओढली. मी वाणिज्य शाखेची, नवरा अभियंता. आमचं दोघांचंही जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. क्लासला घालून पाहिलं, तिथे चाळीस मुलांत ही तोंड उघडत नाही. म्हणून घरी येऊन शिकवणारं कुणी शोधतोय.

दोघांशी फोनवर बोलणं झालंय. एक प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या बाई, दुसरा वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा. दोघंही छान बोलतात. अडचण अशी, की मलाच विषय येत नाही. मग समोरच्याला येतो की नाही हे मी ओळखणार कसं?

रातकिडा

आधी शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना भेटा. त्या स्वतः शिकवणी घेत नसल्या तरी कोण बरं शिकवतं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. दुसरा मार्ग म्हणजे पुढच्या वर्गातली मुलं. पालक एकमेकांना सांगताना हातचं राखून सांगतात, मुलं सरळ सांगतात.

कोरडा विनोद

घरात दोन पदवीधर आणि नववीचं जीवशास्त्र शिकवायला बाहेरचा माणूस? रोज अर्धा तास पुस्तक घेऊन बसा की तिच्याबरोबर. शिकवणीचे पैसे वाचतील.

सांजपाखरू

@कोरडा विनोद, बसले होते. दोनदा. दुसऱ्या दिवशी वही भिंतीवर आपटली गेली. कुणी आपटली ते विचारू नका.

हिरवी फांदी

😀 आमच्याकडे कंपासपेटी होती.

निळी शाई

मी गेली काही वर्षं घरोघरी जाऊन जीवशास्त्र शिकवते, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहिते. लांबेल, पण प्रश्न बरोबर विचारलात म्हणून लिहावंसं वाटलं. "चांगला शिक्षक सुचवा" असे धागे शेकड्याने येतात. "मला ओळखता कसं येईल" असं कुणी विचारत नाही.

विषय येत नसला तरी तुम्हाला बरंच काही दिसू शकतं. नमुन्याचा एक तास ठेवा, त्या तासाचे पैसे द्या, आणि त्याच खोलीत आपलं काहीतरी काम काढून बसा. पेन्सिल कुणाच्या हातात आहे तेवढं बघा. तासभर पेन्सिल शिक्षकाच्याच हातात राहिली, तर बाकी काही बघायची गरज नाही. जीवशास्त्रात आकृती म्हणजे शोभा नव्हे. पेशीची आकृती मुलीने स्वतः काढली की पेशीभित्तिका बाहेर आणि पेशीपटल आत हे हाताला कळतं. शिक्षकाने सुबक काढून दिलेली आकृती मुलगी सुबकपणे उतरवून घेते, आणि परीक्षेत नावांच्या रेघा भलत्याच ठिकाणी जाऊन टेकतात.

दुसरं म्हणजे चुकीचं उत्तर आल्यावर काय होतं. "नाही, बरोबर उत्तर असं" म्हणून पुढे जाणारे पुष्कळ. "असं का वाटलं तुला?" विचारणारे थोडे. चुकीच्या उत्तरामागे बहुतेक वेळा मुलाचा स्वतःचा एक विचार असतो, आणि तो सापडल्याशिवाय नवं काही आत जात नाही.

आणि तो शिक्षक सहामाहीची उत्तरपत्रिका मागतो का? मी पहिल्याच दिवशी मागते. तुमची लेक गणितात चांगली आहे म्हणता, म्हणजे डोकं चालतंय. मग गुण जातात कुठे? बऱ्याचदा असं निघतं, की "कारणे द्या" म्हटल्यावर मूल वर्णन करत बसलंय. "शिरांमध्ये झडपा असतात, कारण सांगा" या प्रश्नाला "शिरांमध्ये झडपा असतात, त्या छोट्या असतात" असं उत्तर मी या डोळ्यांनी पाहिलंय. फरक लिहायला सांगितला की एका बाजूला धमनीची जाडी आणि समोर शिरेतल्या रक्ताचा रंग. मुद्द्यासमोर मुद्दा नाहीच. हे विषय न येण्याचं दुखणं नाही, लिहिण्याचं आहे, आणि महिन्याभरात बरं होतं. पण उत्तरपत्रिका न बघता पहिल्या धड्यापासून सुरू करणाऱ्याला ते वर्षभर कळत नाही.

तासानंतर शिक्षक गेले की मुलीला म्हणा, "मला सांग आज काय झालं." तुम्हाला विषय येत नाही ही इथे सोयच आहे. तुमच्यासारख्या कोऱ्या माणसाला तिने सांगितलेलं समजलं, तर तिला समजलंय.

टाचणी

निळी शाई, दंडवत! हे दोन वर्षांपूर्वी वाचायला मिळालं असतं तर…

आमच्याकडे येणारे सर अत्यंत नियमित होते. बरोबर पाचला हजर. दीड तास नोट्स सांगायचे, लेक लिहायचा. तीन जाडजूड वह्या भरल्या. आम्ही खूश, एवढं काम चाललंय म्हणून. एकदा सहज विचारलं, "अरे, परासरण म्हणजे काय?" त्याने डोळे मिटून अख्खी व्याख्या म्हटली, पाणी अर्धपारगम्य पटलातून जास्त घट्ट द्रावणाकडे जातं, वगैरे. मग विचारलं, वाळवणाला मीठ लावलं की पाणी का सुटतं? म्हणाला, "ते पुस्तकात नाही." त्या वह्या अजून माळ्यावर आहेत. अक्षर मात्र सुधारलं पोराचं.

आडवाट

वैद्यकीयच्या मुलाबद्दल स्वानुभव. आमच्या भाच्याला तसाच एक जण शिकवायला होता. मानवी शरीर असं शिकवायचा की आम्ही मोठेही दाराशी उभं राहून ऐकायचो. पण वनस्पतींचा भाग आला की, "हे सोपं आहे, तू वाचून काढ." आणि त्याच्या स्वतःच्या परीक्षा आल्या की तीन-तीन आठवडे गायब. त्याचा दोष नाही, त्याच्या परीक्षा आमच्या मुलाच्या परीक्षेपेक्षा मोठ्या. पण नेमक्या त्याच सुमारास शाळेच्याही परीक्षा असतात ना. घेणार असाल तर त्याच्या परीक्षांच्या तारखा आधीच विचारून ठेवा.

तोच न्याय एम.एस्सी. बाईंना. प्राणिशास्त्र झालंय, म्हणजे वनस्पतिशास्त्राला शेवटचा हात कधी लागला होता ते विचारा. शाळेत जीवशास्त्र एकच असतं, पुढे त्याच्या दोन वाटा होतात, हे आपल्या लक्षात राहत नाही.

चष्मेवाला

फोनवर विचारायला एक प्रश्न देतो. "एवढंसं रोप लावलं, त्याचं मोठं झाड झालं. हे सगळं वजन आलं कुठून?"

बहुतेक लोक म्हणतील, मातीतून. व्हॅन हेल्माँट नावाच्या माणसाने सतराव्या शतकात हे तपासून पाहिलं. २०० पौंड कोरडी माती कुंडीत भरली, ५ पौंडांचं वाळुंजाचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड भरलं १६९ पौंडांच्या वर. मातीचं वजन घटलं ते फक्त दोनेक औंस! त्याने निष्कर्ष काढला, की झाड पाण्यातून झालं. हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापला गेला. गंमत अशी, की 'गॅस' हा शब्द याच गृहस्थाने घडवला, कोळसा जाळल्यावर निघणाऱ्या वायूचं वर्णनही त्याने केलं, आणि झाडाच्या वजनाचा मोठा वाटा त्याच वायूतून, म्हणजे कार्बन डायऑक्साइडमधून येतो हे मात्र त्याला दिसलं नाही.

शिक्षकाला हा प्रयोग माहीत नसला तरी चालेल. पण उत्तर "मातीतून" आलं, तर प्रकाशसंश्लेषण त्याने समीकरण म्हणूनच पाठ केलंय असं समजा.

आणि मुलीला गणित आवडतं ना? मग तिला आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचे आकडे द्या. १८६६ च्या त्याच्या निबंधात वाटाण्याच्या बिया मोजलेल्या आहेत: गोल ५४७४, सुरकुतलेल्या १८५०. भागाकार करायला सांगा. २.९६ येतं. त्याच्या नियमाप्रमाणे गोल बिया सुरकुतलेल्यांच्या तिप्पट हव्यात. मग ३ ऐवजी २.९६ का आलं, यावर तिच्याशी तासभर बोलू शकेल असा माणूस मिळाला, तर सोडू नका.

कोरडा विनोद

प्रश्न छान आहे, पण फोनवर असला प्रश्न विचारला तर शिक्षकच म्हणायचा, नको ही शिकवणी.

निळी शाई

@कोरडा विनोद, मला विचारला असता तर मी त्याच दिवशी गेले असते. 🙂 पण परीक्षा घेतल्याच्या सुरात विचारू नका, हे खरं. "मुलीने असं विचारलं, मला सांगता येईना" म्हणून विचारा.

बोरूबहाद्दर

अवांतर: आम्ही हृदयाचे कप्पे कर्णिका आणि जवनिका म्हणून शिकलो. परवा नातवाला शिकवायला बसलो तर पुस्तकात अलिंद आणि निलय. तो म्हणे, आजोबा, तुम्ही कुठल्या प्राण्याचं हृदय शिकवताय?

अवांतर संपलं, पण पूर्णपणे अवांतर नाही. शिक्षक कोणत्या भाषेतून शिकलाय आणि मूल कोणत्या भाषेतून शिकतंय, हे जुळवून घ्या. मूल तंतुकणिका शिकतंय आणि शिक्षक माइटोकॉन्ड्रिया म्हणतोय, तर मुलाला ते पेशीतले दोन वेगळे भाग वाटतात. दोन्ही शब्द येणारा शिक्षक मिळाला तर उत्तमच, पुढे उपयोगी पडतं.

आणि 'शुद्ध रक्त', 'अशुद्ध रक्त' हे शब्द जो शिक्षक वापरतो त्याला जरा टोका. त्या रक्तात अशुद्ध काही नसतं, ऑक्सिजन कमी असतो इतकंच. या दोन शब्दांपायी पिढ्यान्‌पिढ्या मुलं 'धमनीत शुद्ध, शिरेत अशुद्ध' घोकत आली, आणि फुप्फुस धमनी आली की त्रेधा, कारण ती धमनी असूनही कमी ऑक्सिजनचं रक्त फुप्फुसांकडे नेते.

हिरवी फांदी

+१. माझंही तेच पाठ होतं. फुप्फुस धमनी हा 'अपवाद' म्हणून शिकवला होता आम्हाला.

चष्मेवाला

अपवाद वगैरे काही नाही. हृदयाकडून बाहेर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. एवढंच.

रातकिडा

शिकवण्याबद्दल सगळे लिहीत आहेत, व्यवहाराबद्दल मी लिहितो. सुट्टी कुणी घेतली तर तास भरून काढायचा की पैसे वजा, हे पहिल्या दिवशीच बोला. नंतर बोलायला दोघांनाही अवघड होतं. पूर्ण वर्षाचे पैसे आगाऊ देऊ नका. शिकवणी दिवाणखान्यात, नाहीतर दार उघडं ठेवून, आणि घरात कुणीतरी मोठं माणूस हवंच, शिक्षक कितीही ओळखीचा असो. चांगल्या शिक्षकाला याचा राग येत नाही. उलट त्यालाही तेच हवं असतं.

निळी शाई

अगदी. आणि पालकांनो, त्या वेळेत तुमचा टीव्ही बंद ठेवा. मुलगी शाळा, मग पोहणं, मग चित्रकला करून रात्री आठला माझ्यासमोर जांभया देत बसते आणि आई विचारते, प्रगती का नाही. आठवड्यातून दोनच दिवस ठेवा, पण जाग्या वेळेला.

सांजपाखरू

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी येतेय, कारण मधे दोघांचेही नमुन्याचे तास झाले.

आधी वैद्यकीयचा मुलगा. हुशार, यात वादच नाही. हृदयावरच शिकवलं. इतकं सुंदर रेखाटलं, की मी हातातलं काम टाकून बघत बसले. पेन्सिल तासभर त्याच्याच हातात. (निळी शाई, तुम्ही लिहिलं नसतं तर मी त्यालाच ठरवून मोकळी झाले असते.) तो गेल्यावर लेकीला म्हटलं, सांग काय शिकलीस. म्हणाली, "आई, त्याला खूप येतं."

मग एम.एस्सी. बाई. मुद्दाम तोच धडा घ्यायला सांगितला. त्यांनी आधी उत्तरपत्रिका मागितली. पाच मिनिटं काही न बोलता वाचत होत्या. मग म्हणाल्या, हृदय काढ. हिने काढलं, आणि डावी बाजू कागदाच्या डावीकडे लिहिली. त्या काही बोलल्या नाहीत. उठून हिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "माझा डावा हात कुठला?" हिने दाखवला. "तुझ्या कुठल्या बाजूला आहे?" हिने कागदाकडे पाहिलं, हसली, खोडरबर घेतलं.

नंतर त्यांनी आमच्या जेवणाच्या चार खुर्च्या मांडल्या, दोन पुढे, दोन मागे. चार कप्पे. स्वयंपाकघर म्हणजे फुप्फुसं, आतली खोली म्हणजे बाकीचं शरीर. "तू रक्ताचा थेंब. आतल्या खोलीतून निघ." उजवं अलिंद, उजवं निलय, स्वयंपाकघर, परत डावं अलिंद, डावं निलय, आतली खोली. दोन फेऱ्या मारल्यावर ही मधेच थांबली. "मी एका फेरीत दोनदा हृदयातून जातेय!" बाई म्हणाल्या, "स्वयंपाकघर जवळ की आतली खोली?" "स्वयंपाकघर." "मग दोन निलयांपैकी कुणाची भिंत जाड असेल?" हिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "डाव्याची. त्याला लांब ढकलायचंय." कुणीही सांगितलेलं नसताना!

शेवटी एक हिशेब दिला. एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर, मिनिटाला ७२ ठोके. किती झालं? पाच लिटरच्या वर. शरीरात एकूण रक्त किती? साधारण पाच लिटर. म्हणाल्या, विल्यम हार्वेने १६२८ मध्ये अशाच हिशेबाच्या जोरावर रक्त फिरतं असं मांडलं, कारण एवढं रक्त दर मिनिटाला नव्याने तयार होणं शक्यच नाही. तेव्हा धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या केशिका त्याला दिसल्याही नव्हत्या, त्या १६६१ मध्ये माल्पीगीला बेडकाच्या फुप्फुसात दिसल्या. माझी गणितवाली लेक वहीत तो गुणाकार दोनदा करून बघत होती.

चष्मेवाले, झाडाच्या वजनाचा प्रश्नही विचारला, "मुलीने विचारला" असं म्हणून. उत्तर हवेतून असंच दिलं, पण पुढे म्हणाल्या, "वनस्पतींचा भाग मी बऱ्याच वर्षांत शिकवलेला नाही. तो धडा येईल तेव्हा मला आधी वाचून यावं लागेल, त्या आठवड्यात एक तास कमी घेऊ या." माझं तिथेच ठरलं.

टाचणी

खुर्च्यांचं वाचून माळ्यावरच्या वह्या आठवल्या. अभिनंदन!

आडवाट

मस्त. त्या मुलाला काय सांगितलंत?

सांजपाखरू

खरं तेच. तू फार छान शिकवतोस, फक्त तिला काढू दे. तो म्हणाला, "कुणी असं सांगितलंच नाही." वाईट वाटलं थोडं. शेजारच्यांना त्याचं नाव दिलंय, त्यांचा मुलगा बडबड्या आहे, पेन्सिल हिसकावून घेईल.

कोरडा विनोद

गुण वाढले का, ते सांगा. बाकी सगळं ठीक आहे.

सांजपाखरू

घटक चाचणीत वीसपैकी बारा. आधी अकरा होते. 😀 पण "कारणे द्या" मधले सगळे गुण मिळालेत, गेले ते नावांच्या स्पेलिंगमध्ये. बाईंनी शब्द तोडून लिहायला सांगितलेत, 'फोटो' म्हणजे प्रकाश, 'सिंथेसिस' म्हणजे जोडून तयार करणं, तसे. फ्रिजच्या दारावर यादी लागलीय.

आता एक मदत हवी. पुढचा धडा वनस्पती ऊतींचा आहे. बाई वाचून आल्या, आणि म्हणाल्या, ऱ्हिओच्या पानाचा जांभळा पापुद्रा मिठाच्या पाण्यात घालून बघायचा आहे, पेशीतला रंगीत भाग आक्रसताना दिसतो. सूक्ष्मदर्शक लेकीच्या शाळेतून दोन दिवसांसाठी मिळतोय. पापुद्रा नीट सोलायचा कसा? आम्ही काल पाच पानं फुकट घालवली.

हिरवी फांदी

पान कापू नका, तिरकं फाडा. फाटलेल्या कडेला खालच्या बाजूचा पातळ जांभळा पदर सुटलेला दिसेल, तेवढाच घ्या. काचपट्टीवर आधी साध्या पाण्याचा थेंब टाका, पापुद्रा कोरडा पडू देऊ नका. साध्या पाण्यात एकदा बघून घ्या, मग कडेने मिठाचं पाणी सोडा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावा. काही मिनिटांतच दिसायला लागतं.

आणि फाडायचं काम लेकीला करू द्या.